मांडीमागील स्नायूची पुनरावर्ती दुखापत : तालमीपासून धावपट्टीपर्यंत

१. विषयप्रवेश

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळातील मंदिरे, बारव आणि गावातील तो उंच कोरीव स्तंभ पाहण्यासाठी स्थापत्याचे विद्यार्थी येथे येतात, मोजमापे घेतात, आराखडे काढतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दगडाचा नसून देहाचा आहे. ज्या प्रदेशाने ही मंदिरे उभारली त्याच प्रदेशाला बलोपासनेचीही दीर्घ परंपरा आहे. जत्रेतील कुस्त्यांचा फड, गावोगावच्या तालमी आणि शाळांच्या मैदानांवरील खो-खो व हुतुतू हे तिचे अवशेष म्हणावेत की जिवंत अंगे म्हणावीत, हा मतभेदाचा विषय होऊ शकेल. परंतु त्या परंपरेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा जिंकलेल्या मल्लांचाच इतिहास लिहितो. दुखावलेल्या देहाचे पुढे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न आज विचारण्यास सबळ कारण आहे. मराठवाड्यातील खेड्यांतून पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी तरुण मुले-मुली हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. यांतील बहुतेकांची धाव पदकासाठी नसून नोकरीसाठी असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर धावणे, आणि दोघांसही १०० मीटर धावणे व गोळाफेक, अशी एकूण ५० गुणांची परीक्षा असते. त्यांपैकी १०० मीटरची धाव १५ गुणांची आहे. ती संपूर्ण वेगाने धावावी लागते. आणि संपूर्ण वेग हेच मांडीच्या मागील स्नायूच्या दुखापतीचे प्रमुख कारण होय. शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबातील मुलाचा हा स्नायू ऐन चाचणीपूर्वी फाटला, तर त्याचे वर्ष जाते. तो दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा फाटला, तर कित्येकदा वयोमर्यादाही निघून जाते.

ही दुखापत पुनःपुन्हा का होते, तिच्यावर आपल्याकडे व अन्यत्र काय उपाय योजले गेले आणि आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात त्या उपायांचे मूल्य काय ठरते, याचा ऐतिहासिक क्रमाने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

२. शब्द आणि शरीर

प्रथम शब्दांविषयी. क्रीडावैद्यक ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणते तो एक स्नायू नसून तीन स्नायूंचा समूह आहे. हे तिन्ही स्नायू आपण बसताना ज्यावर भार टाकतो त्या हाडापासून निघतात आणि मांडीच्या मागून उतरून गुडघ्याखाली दोन्ही बाजूंस जाऊन चिकटतात. त्यांपैकी बाहेरच्या स्नायूचे एक आखूड मूळ मांडीच्या हाडावरही असते. गुडघ्यामागे हात लावला असता दोन्ही बाजूंस ज्या ताठ दोऱ्या हाताला लागतात, त्या या स्नायूंच्या कंडरा होत. गुडघा वाकविणे व मांडी मागे नेणे ही त्यांची दोन कामे सर्वांस ठाऊक असतात. तिसरे काम सहसा लक्षात येत नाही, आणि प्रस्तुत विषयात तेच महत्त्वाचे आहे. धावताना पुढे फेकलेला पाय जमिनीवर टेकण्याच्या क्षणभर आधी नडगी वेगाने पुढे जात असते. तिला आवर घालण्याचे काम याच स्नायूंकडे असते. म्हणजे स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोरही लावीत असतो. वेगवान धावेत स्नायू फाटतो तो मुख्यतः या अवस्थेत, असे आजचे संशोधन मानते.

आपल्या बोलभाषेत या दुखण्यास स्वतंत्र नाव नाही. ‘लचक भरली’, ‘शीर आखडली’, ‘गोळा आला’ असे म्हटले जाते. या शब्दांत पेटका, श्रमाने आलेले अंगदुखणे आणि तंतू फाटून झालेली खरी जखम या तीन भिन्न गोष्टी एकत्र होतात. पेटका घटकाभरात जातो, अंगदुखणे दोन-चार दिवसांत जाते. जखम मात्र आठवडे घेते. नाव एकच असल्यामुळे उपायही एकच योजला जातो, आणि घोटाळ्याचा आरंभ येथूनच होतो.

‘स्नायू’ या शब्दाचाही अर्थ पालटला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्नायू नऊशे व पेशी पाचशे सांगितल्या आहेत. तेथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय बंध, आणि आज आपण ज्यास स्नायू म्हणतो त्याच्या जवळचा शब्द पेशी होय. जुने ग्रंथ वाचताना हा भेद ध्यानी न घेतल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

३. प्राचीन ग्रंथांची साक्ष

सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांत ‘आणि’ नावाचे एक मर्म आहे. त्याचे स्थान गुडघ्याच्या वर तीन अंगुळे, दोन्ही बाजूंस, असे दिले आहे. ते स्नायुमर्म असून त्यावर आघात झाल्यास सूज वाढते व पाय ताठरतो, असे म्हटले आहे. त्याची गणना वैकल्यकर, म्हणजे प्राण न घेता व्यंग मागे ठेवणाऱ्या मर्मांत केली आहे. हे वर्णन आजच्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचेच आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. मर्मविचार हा मुख्यतः शस्त्राघाताच्या संदर्भातील आहे. तथापि या भागाची इजा जिवावर बेतत नाही, परंतु मागे अधूपणा ठेवून जाते, एवढे निरीक्षण त्या काळीही झाले होते, हे निश्चित.

याहून महत्त्वाचा आहे तो मात्रेचा विचार. सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही व्यायाम आपल्या बलाच्या अर्ध्या मर्यादेपर्यंत करावा असे सांगितले आहे, आणि त्यापलीकडील अतिव्यायामाचे दोषही सांगितले आहेत. श्रमाची मात्रा व्यक्तीच्या शक्तीवरून ठरवावी, हा त्यातील मूळ विचार होय.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’. सोमेश्वराचा राज्यकाल ११२६ ते ११३८ असा आहे. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या काळी मराठवाड्याचा मोठा भाग याच सत्तेखाली होता. म्हणजे चारठाण्याच्या परिसरातील मंदिरशैली ज्या राजकीय व सांस्कृतिक वातावरणात वाढली त्याच वातावरणातील हा ग्रंथ आहे. त्यातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांच्या श्रमाचे प्रकार सांगितले आहेत: वजनाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, बाहूंचा बाहुपेलणक श्रम आणि खांबावरील स्तंभश्रम. यांतील स्तंभश्रमात मल्लखांबाचे पूर्वरूप पाहण्याचा प्रघात आहे.

या यादीकडे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यात चालणे आहे, पोहणे आहे, भार उचलणे आहे. परंतु संपूर्ण वेगाने पळण्यास स्वतंत्र श्रमाचे स्थान दिलेले दिसत नाही. मल्लाचा देह पकडीसाठी, रेट्यासाठी व दमासाठी घडविला जात होता. साहजिकच त्या देहाच्या दुखापतीही त्याच जातीच्या असणार.

४. तालीम आणि मैदान

हीच गोष्ट पुढील काळातील तालमीसही लागू पडते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा मानते. जोर, बैठका, मल्लखांब आणि लाल मातीतील लढत ही तालमीची चतुःसूत्री. बैठकेत मुख्य भार मांडीच्या पुढील स्नायूंवर येतो. मागील स्नायू लांबलेल्या स्थितीत जोर लावीत आहे, असा प्रसंग या साधनेत क्वचितच येतो. मल्लाच्या इजा मुख्यतः गुडघा, खांदा, मान व कान यांच्या. त्यांवर तेलमालीश, शेक, हळदीचा लेप आणि वस्तादाने ठरवून दिलेली विश्रांती हे उपाय बेतलेले होते. आपल्या क्षेत्रात ते निरर्थक होते असे म्हणता येणार नाही. दुखावलेल्या पठ्ठ्याला वस्ताद एकदम लढतीस उतरवीत नसे; प्रथम हलके जोर, मग बैठका, मग जोडीदाराबरोबर खडाखडी, अशा चढत्या क्रमाने तो त्यास मातीत आणी. या क्रमाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. १९१४ मध्ये अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांस नियमांची चौकट देण्याच्या कामी पुढाकार घेतला. त्याच जिमखान्याच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात भारतीय धावपटूंस ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना दृढ झाली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो छोटा संघ गेला त्यात बेळगावकडील फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे धावपटू होते. चौगुले यांनी मॅरेथॉन पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. खो-खोसारख्या खेळात तर बसल्या जागेवरून उसळणे, एकदम वळणे व झेप घेणे हेच सर्वस्व. अशा रीतीने मराठी क्रीडाजीवनाचे केंद्र हळूहळू आखाड्यातून मैदानाकडे सरकले.

शरीर मैदानावर आले. शुश्रूषा मात्र आखाड्यातीलच राहिली. व्यायामशास्त्राचे ज्ञान मराठीत आणण्याचा थोर प्रयत्न बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या रूपाने केला, त्याचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले. ज्ञानाची आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु वेगाने धावणाऱ्याच्या फाटलेल्या स्नायूचे नेमके काय करावे, हे त्या काळी जगात कोठेच नीट ठाऊक नव्हते. गावच्या मैदानावर लचक भरली की ती चोळणे, शेकणे आणि दुखणे थांबले की पुन्हा पळणे, हाच क्रम चालू राहिला.

५. विश्रांतीचे युग

पाश्चात्त्य देशांतील स्थितीही फारशी निराळी नव्हती. १९७८ मध्ये अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे या चार उपायांचे एक सुटसुटीत सूत्र मांडले. ते जगभर पसरले आणि आपल्याकडील शारीरिक शिक्षणाच्या वर्गांतही पोचले. पुढे २०१४ मध्ये स्वतः मर्किन यांनीच, बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरून येण्यास साहाय्य होण्याऐवजी विलंब होऊ शकतो, असे जाहीरपणे मान्य केले.

दरम्यान प्रयोगशाळांतून वेगळीच माहिती बाहेर येत होती. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल्यम गॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सशांच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविले की, स्नायू ताणाखाली फाटतो तो बहुधा जेथे तो कंडरेस मिळतो त्या सांध्याजवळ; आणि जोर लावीत असलेला स्नायू शिथिल स्नायूपेक्षा फाटण्यापूर्वी अधिक ऊर्जा शोषून घेतो. म्हणजे बळकटी हेच संरक्षण होय. त्याच सुमारास फिनलंडमधील संशोधकांनी, जखमी स्नायू दीर्घकाळ जखडून ठेवण्यापेक्षा अल्पशा विश्रांतीनंतर हालचाल सुरू करणे हितकर असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले.

प्रश्न किती मोठा होता याची कल्पना ऑस्ट्रेलियातील आकड्यांवरून येते. तेथील व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींपैकी सुमारे ३४ टक्के दुखापती पुन्हा उद्भवल्याची नोंद आहे. वैद्य, तज्ज्ञ, साधने सर्व हाताशी असता दर तिसरा खेळाडू पुन्हा जायबंदी होत होता.

६. दुखापत परत का येते?

याचे उत्तर थोडक्यात असे : वेदना थांबणे आणि जखम भरणे या एकच गोष्टी नव्हेत, आणि जखम भरणे व सामर्थ्य परत येणे याही एकच नव्हेत. चालताना, सावकाश पळताना हा स्नायू आपल्या शक्तीचा लहानसा अंशच वापरतो. म्हणून आठ-दहा दिवसांत मनुष्य ठीक चालू लागतो व त्यास आपण बरे झालो असे वाटते. परंतु जखमेच्या जागी नवा पेशीजाल अद्याप कच्चा असतो, दुखऱ्या पायाचा वापर टाळल्याने स्नायू क्षीण झालेला असतो, आणि विशेषतः लांबलेल्या अवस्थेत जोर धरण्याची त्याची शक्ती घटलेली असते. अशा स्थितीत पहिली संपूर्ण वेगाची धाव हीच त्याची पहिली खरी परीक्षा ठरते.

एकविसाव्या शतकातील तीन अभ्यास या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. २००४ मध्ये अमेरिकेतील शेरी व बेस्ट यांनी २४ जखमी खेळाडूंचे दोन गट केले. एका गटास नेहमीचे ताण देणे व बळ वाढविणे हे व्यायाम दिले, तर दुसऱ्यास चढत्या क्रमाने चपळाईच्या हालचाली व धडाच्या स्थैर्याचे व्यायाम दिले. वर्षभरात पहिल्या गटातील दहांपैकी सात पुन्हा दुखावले. दुसऱ्या गटातील तेरांपैकी केवळ एक. २०११ मध्ये डेन्मार्कमधील पीटरसन व सहकाऱ्यांनी ५० संघांतील ९४२ फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघ्यावर बसून सावकाश पुढे झुकण्याचा, ‘नॉर्डिक’ नावाने ओळखला जाणारा व्यायाम दहा आठवडे ज्यांनी केला त्यांच्यात १५ दुखापती झाल्या, इतरांत ५२. आणि पूर्वी दुखावलेल्यांत पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. तिसरा अभ्यास २०१७ चा, तोही डेन्मार्कचाच. मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंपैकी ज्यांचा उपचारव्यायाम दोन दिवसांनी सुरू झाला ते सरासरी ६२ दिवसांत खेळू लागले. ज्यांचा नऊ दिवसांनी सुरू झाला त्यांना ८३ दिवस लागले. आरंभी वाया गेलेला एक आठवडा शेवटी तीन आठवड्यांच्या विलंबास कारण झाला.

साधनसंपन्नता असूनही हा स्नायू किती दगा देतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईचे फलंदाज रोहित शर्मा यांचा डावा हॅमस्ट्रिंग ऑक्टोबर २०२० मध्ये दुखावला. ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा मैदानात उतरले, तथापि ऑस्ट्रेलियातील मर्यादित षटकांच्या सामन्यांना मुकले आणि डिसेंबरमध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत तंदुरुस्तीची चाचणी देऊन मगच त्या दौऱ्यावर गेले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये हॅमस्ट्रिंगच्याच दुखापतीने दक्षिण आफ्रिकेतील कसोटी मालिका त्यांच्या हातून गेली. ज्यांच्या सेवेस तज्ज्ञांचा ताफा असतो त्यांची ही कथा, तर खेड्यातील एकट्या धावपटूची काय असेल, हे सांगावयास नको.

७. चारठाण्यासारख्या गावासाठी

या विवेचनातून खेड्यातील शिक्षक, तालमीचे वस्ताद व भरतीची तयारी करणारे तरुण यांच्यासाठी जे निष्पन्न होते ते असे.

धावताना मांडीमागे एकदम कळ येऊन थांबावे लागले, तर ती साधी लचक समजू नये. पहिले दोन-तीन दिवस जोराने चोळणे व ताण देणे टाळावे, परंतु सर्वस्वी अंथरूणही धरू नये. वेदना वाढणार नाही इतपत चालावे. तुटल्यासारखा आवाज झाला असेल, पाय टेकवत नसेल, मांडीमागे मोठी काळीनिळी छटा पसरली असेल, किंवा बसण्याच्या हाडापाशी तीव्र वेदना असेल, तर कंडराच सुटली असण्याचा संभव असतो. अशा वेळी विलंब न लावता अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे.

त्यानंतरचा क्रम चढता असावा : चालणे, मग जलद चालणे व बाजूने सरकत चालणे, उताणे झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम, मग सावकाश धाव, मग अर्ध्या वेगाची, पाऊण वेगाची आणि अखेरीस पूर्ण वेगाची धाव. प्रत्येक पायरी वेदनेविना पार पडल्याखेरीज पुढील पायरी घेऊ नये. दिवस मोजून ठरविण्यापेक्षा दोन्ही पायांचे बळ व लवचीकपणा ताडून पाहून ठरवावे.

स्नायू सावरल्यावर, आणि न दुखावलेल्यांनी तर आधीपासूनच, नॉर्डिक व्यायाम करावा. त्यास यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. घोटे धरून बसणारा एक जोडीदार पुरे. गुडघ्यांवर उभे राहून, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकावे आणि तोल सुटू लागताच हात टेकावेत. पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरेत; पुढे हळूहळू वाढवावे. आरंभी मांड्या दुखतात, म्हणून चाचणीच्या आदल्या आठवड्यात याचा आरंभ करणे चुकीचे ठरेल. पूर्ण वेगाची धावही सरावात थोडी थोडी, नियमाने असावी. महिनोन्‌महिने केवळ १६०० मीटर सावकाश धावून चाचणीच्या दिवशीच प्रथम १०० मीटर जिवाच्या आकांताने पळणे, हाच या दुखापतीचा राजमार्ग होय.

८. उपसंहार

या इतिहासातून परंपरेचा निव्वळ गौरवही निघत नाही आणि निव्वळ धिक्कारही. ‘मानसोल्लासा’च्या काळापासून तालमीच्या काळापर्यंत आपल्या बलोपासनेने वेगवान धावेच्या दुखापतीचा स्वतंत्र विचार केला नाही, कारण तिला त्याचे प्रयोजनच पडले नव्हते. आखाड्यातील मालीश व विश्रांती धावपट्टीवर आणली गेली तेव्हा ती अपुरी पडली, यात नवल नाही. परंतु शक्तीच्या मानाने श्रमाची मात्रा ठरविणे आणि दुखावलेल्यास पायरीपायरीने मातीत आणणे, ही जी दोन तत्त्वे ग्रंथांनी व वस्तादांनी जपली, ती आजच्या शास्त्राशी विसंगत नाहीत. उणीव होती ती एकाच गोष्टीची : लांबत जाणाऱ्या स्नायूस जोर धरण्यास शिकविण्याची. ती उणीव भरून काढण्यास शाळेचे मैदान, एक जोडीदार आणि दहा आठवड्यांची चिकाटी पुरेशी आहे. चारठाण्याच्या मंदिरांच्या जतनाचा विचार आपण करतो, तो योग्यच आहे. त्याच गावाभोवतीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पिढीच्या देहाचे जतन व्हावे म्हणून हे ज्ञान मराठीतून शाळांपर्यंत व तालमींपर्यंत पोचविणे, हेही विद्यापीठीय संशोधनाचेच कर्तव्य आहे.